तृतीयेच्या ओहोटीला, आभाळातून हर्णे

हर्णेला विमानतळ नाही, साधी धावपट्टीही नाही. तरीही माझं काम असं होतं की तिथे विमानानेच जावं लागणार होतं. दापोली तालुक्याचा किनारा, उत्तरेला केळशीपासून दक्षिणेला दाभोळच्या खाडीपर्यंत, एका सलग ओहोटीत कॅमेऱ्यात टिपायचा होता. वाळू कुठे साठते, कुठून सरकते, खाड्यांची तोंडं कुठे बुजत चालली आहेत, याचा अभ्यास करणाऱ्यांना ती छायाचित्रं हवी होती. उपग्रहाची चित्रं हाताशी होती. पण उपग्रह त्याच्या वेळेला डोक्यावरून जातो, ओहोटीसाठी थांबत नाही. ड्रोन एका पुळणीपुरता उत्तम. चाळीसेक किलोमीटरचा किनारा पाणी पुन्हा चढायच्या आत त्याच्याकडून उरकत नाही. म्हणून चार आसनांचं सेस्ना १७२ ठरलं.

दिवस ठरवला तो पंचांग पाहून. कोकणात भरतीचा हिशेब पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आला आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, म्हणजे त्याआधी सहा तासांनी, सकाळी आठ-सव्वाआठला पूर्ण ओहोटी. शिवाय अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खोलवर मागेही हटतं. माघ शुद्ध तृतीयेची सकाळ त्यासाठी नेमकी होती. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर फरक काही मिनिटांचाच निघाला. सूर्य तेव्हा पूर्वेला, जमिनीच्या बाजूला असतो. जमिनीवरून उडत समुद्राकडे कॅमेरा रोखला की उजेड पाठीशी राहतो. पावसाळ्यात आभाळ उघडं मिळत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये समुद्रावर खारट धुरकटपणा पसरलेला असतो. हे सगळं एकत्र जमणाऱ्या सकाळी वर्षाला मोजक्याच.

परवानगीचं काम त्याआधीच सुरू केलं होतं. उडत्या विमानातून छायाचित्रं घेण्यावर १९३७ च्या विमान नियमावलीपासून बंधन आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची लेखी परवानगी लागते आणि संरक्षण खात्याची हरकत नाही हेही पाहिलं जातं. कोकण किनाऱ्यासारख्या संवेदनशील सीमेवर हे असायलाच हवं, असं मला वाटतं. अर्जात मार्ग, उंची, कॅमेरा, छायाचित्रांचा उपयोग, सगळं लिहून द्यायचं असतं. हा वेळ धरूनच तिथी निवडावी लागते.

उड्डाण बारामतीहून होतं. तिथे धावपट्टी आहे, वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, लहान विमानं सहज दिसतात. नकाशावर बारामती आणि हर्णे यांना जोडणारी सरळ रेषा ओढली तर ती जेमतेम एकशे पासष्ट किलोमीटरची भरते, आणि ती लोणंद, वाई, महाबळेश्वर, प्रतापगड अशी अख्खा सह्याद्री ओलांडून जाते. गाडीने जायचं तर घाट उतरून अर्धा दिवस जातो.

लहान विमानाचा प्रवास वजनकाट्यापासून सुरू होतो. मोठ्या विमानात तुमची बॅग तोलतात, इथे माणूसही काट्यावर उभा राहतो. १७२ च्या ‘एस’ प्रकाराचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १,१५७ किलो. त्यातलं पाऊण टनाहून थोडं जास्त वजन रिकाम्या विमानाचंच. पंखांतल्या टाक्या भरल्या की दोनशे लिटरच्या आसपास इंधन, म्हणजे आणखी दीडशे किलोच्या घरात. उरलेल्या अडीचशे किलोत वैमानिक, मी, मागे नकाशा आणि घड्याळ सांभाळणारा सहकारी, दोन कॅमेरे आणि पाण्याच्या बाटल्या बसवायच्या. नुसती बेरीज जुळून भागत नाही. ते वजन पुढे-मागे कुठे पडतं यावर विमानाचा तोल ठरतो. कॅप्टनांनी माझी लेन्सची पेटी मागच्या कप्प्यातून काढून सहकाऱ्याच्या पायाशी ठेवायला लावली. चौथं आसन रिकामं राहिलं.

या कामासाठी सेस्ना १७२ इतकी वर्षं टिकून आहे ते त्याच्या पंखांमुळे. १९५५ मध्ये हे विमान पहिल्यांदा उडालं, आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक तयार झाली. एवढ्या संख्येने दुसरं कुठलंही विमान बनलेलं नाही. पंख डोक्यावर असल्यामुळे खालची जमीन झाकली जात नाही. खिडकीची अडणी काढली की ती काच वाऱ्याच्या दाबाने वर उचलली जाऊन पंखाखाली तरंगत राहते, हाताने धरावी लागत नाही. वेग कमी करून ताशी दीडशे किलोमीटरवर आणता येतो. नकाशावरची एकेक वाडी ओळखत पुढे जायचं तर हाच वेग बरा.

सूर्य उगवला आणि आम्ही निघालो. सूर्योदयाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर डोळ्यांच्या भरवशावरचं उड्डाण आपल्याकडे करता येत नाही. नीरेच्या कालव्यांवरचा ऊस मागे पडला, डाव्या हाताला लोणंद आलं, आणि जमीन करडी होत गेली. कॅप्टन सावकाश चढत साडेआठ हजार फुटांवर गेले. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरहून थोडा वर, म्हणजे चार हजार सातशे फुटांच्या आसपास. मग इतकं वर कशाला, असं मी हेडफोनमधून विचारलं. “मॅडम, वारा आज पूर्वेचा आहे. डोंगर ओलांडला की पलीकडे तो खाली कोसळतो. आपल्याला खाली खेचायला जागा हवी ना,” ते म्हणाले.

धोमच्या जलाशयावर धुक्याचा पातळ थर होता. डावीकडे पाचगणीचं पठार, अगदी सुरीने कापल्यासारखं सपाट. वर जांभ्याचा जाड थर, खाली काळ्या कातळाचे एकावर एक थर. लाव्हा किती वेळा वाहून थिजला ते उतारावर आडव्या रेघांमध्ये स्पष्ट दिसतं. पुढे महाबळेश्वर. एकाच पठारावरून कृष्णा पूर्वेला निघते आणि चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि शंभरेक किलोमीटरवर बाणकोटला समुद्रात शिरते. शाळेत हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. वरून पाहताना मात्र कळतं की या दोघींना वेगळं करणारी जमीन किती अरुंद आहे: उजव्या खिडकीत सावित्रीचं अंधारं खोरं, मागे वळून पाहावं तर कृष्णेवर पडलेलं ऊन.

प्रतापगडाच्या पुढे कॅप्टनांनी सांगितलेलं घडलं. विमान एकदा जोरात खाली बसलं, पुन्हा सावरलं, पुन्हा बसलं. अशा वेळी कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहू नये, लांबच्या क्षितिजाकडे नजर लावावी; पोट ठिकाणावर राहतं. दोन-तीन मिनिटांत हवा शांत झाली आणि समोर कोकण उघडलं.

देशावरून येणाऱ्याला कोकण म्हणजे हिरवळ, असं वाटत असतं. माघात वरून दिसतात ते सडे: जांभ्याची उघडी, तांबूस-काळी, वाळलेल्या गवताची पठारं, आणि त्यांच्यात चौकोनी खाचा पाडलेल्या चिरेखाणी. हिरवं सगळं पठारांच्या फटींत, जिथे पऱ्हे वाहतात तिथे दडलेलं. दापोलीवरून जाताना आम्ही तीन हजार फुटांपर्यंत उतरलो होतो. मुंबई आणि गोवा यांना सरळ रेषेने जोडलं तर ती रेषाही दापोलीजवळूनच जाते. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्यानंतर तीनच वर्षांनी, २९ ऑक्टोबर १९३५ ला, टाटांची मुंबई–गोवा–कण्णूर–त्रिवेंद्रम अशी सेवा सुरू झाली. आमच्या विमानाहून फारशी मोठी नसलेली विमानं टपाल आणि एखाद-दोन उतारू घेऊन या बाजूने दक्षिणेकडे जात. तेव्हा खालच्या माणसांना मुंबईला जायचं तर आगबोट होती. हर्णेला आगबोट खोल पाण्यात नांगर टाकायची आणि चाकरमानी पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे. कामासाठी इवल्याशा वाहनात जीव सांभाळून बसणं हे या किनाऱ्याला कधीच नवं नव्हतं.

किनाऱ्यावर पोहोचताच उत्तरेला वळून आम्ही केळशी गाठली आणि दीड हजार फुटांवरून दक्षिणेला उतरायला लागलो. आता समुद्र माझ्या उजव्या खिडकीत, सूर्य पाठीशी. खिडकी उघडली तेव्हा मतलई वाऱ्याने चेहरा बधिर केला. कोपर दाराच्या चौकटीला टेकवायचं नाही, नाहीतर इंजिनाची थरथर थेट चित्रात उतरते. कॅमेरा हातांवरच तोलायचा.

केळशीला भारजा नदीच्या तोंडाशी वाळूचं प्रचंड टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी त्याच्या कापलेल्या बाजूतले थर तपासले. खापरं, नाणी आणि सागरी वाळूचा क्रम पाहून सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मोठी त्सुनामी आली असावी, असं त्यांनी मांडलं. १५२४ मध्ये वास्को द गामाचा ताफा दाभोळच्या समुद्रात असताना वारा नसताही पाणी उसळल्याची नोंद पोर्तुगीज लेखनात आहे, तिच्याशी हे जुळवून पाहिलं जातं. जमिनीवरून ते टेकाड म्हणजे झुडपांनी झाकलेला उंचवटा. वरून त्याची आणि नदीच्या वळणाची जोडी एकत्र दिसते. नदी सरळ समुद्रात जाऊ पाहते आणि वाळू तिला अडवून बाजूला वळवते.

मग आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीचं पांढरं देऊळ, खाली माडांची पट्टी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या होत्या. माड-पोफळींच्या जुन्या दाट छपरामध्ये नव्या रोपांच्या फिक्या हिरव्या ओळी अजून वेगळ्या उठून दिसतात. एक माड फळाला येईपर्यंत घरातल्या पोराची शाळा संपते, एवढं लक्षात घेतलं तर त्या फिक्या ओळींचं मोल कळतं.

आंजर्ल्याची खाडी हे आमच्या कामाचं खरं ठिकाण. हर्णे हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मासेमारीच्या मोठ्या बंदरांपैकी एक, पण ते उघड्या समुद्रावर आहे. वादळ उठलं की तिथल्या बोटींना आसरा हवा असतो, आणि जवळचा आसरा म्हणजे जोग नदीची ही खाडी. पण खाडीच्या तोंडाशी गाळ आणि वाळू साठते. बोट आत शिरायची ती नेमकी वादळात, लाटा उसळत असताना. तिथे तळ घासला की बोट आडवी होते. त्या सकाळी, तृतीयेच्या ओहोटीत, ते तोंड पूर्ण उघडं पडलेलं होतं: दोन्ही बाजूंनी आत आलेल्या पिवळट वाळूच्या जिभा आणि त्यांच्यामधून नागमोडी जाणारी गडद पाण्याची एक रेघ. कॅप्टनांनी उजवा पंख खाली घालून गोल गोल फिरवलं, आणि मी वेगवेगळ्या कोनांतून ती रेघ टिपत राहिले. भरतीला हेच पाणी एकसारखं निळं दिसतं आणि रेघ अदृश्य होते.

आणि लगेच सुवर्णदुर्ग. किनाऱ्यापासून अरुंद पाण्याने तोडलेलं बेट, त्याच्या कडेकडेने तट. वरून एक गोष्ट चटकन ध्यानात येते: तट कातळावर नुसता बांधलेला नाही, खालचा बराच भाग जिवंत खडक तासूनच उभा केला आहे, खडक कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं ते शोधावं लागतं. आत झाडोरा आणि टाक्यांचे हिरवे डोळे. समोर मुख्य भूमीवर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे पाठीराखे. चारही एका चौकटीत मावतात, आणि या रचनेचा हेतू समजायला वेगळं पुस्तक लागत नाही. पाण्याच्या त्या पट्टीत शिरणारं प्रत्येक गलबत दोन्हीकडच्या तोफांच्या टप्प्यात येत असे.

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. त्यांच्या मागून तुळाजी आंग्र्यांच्या काळात, एप्रिल १७५५ मध्ये, इंग्रज कमोडोर विल्यम जेम्स याने समुद्राकडून मारा करून सुवर्णदुर्ग घेतला, आणि त्यात पेशव्यांची इंग्रजांना साथ होती. आपलंच आरमार आपणच परक्याच्या हातून मोडवलं, ही गोष्ट त्या तटाकडे पाहताना आजही टोचते. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ तिकोनी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सुवर्णदुर्गाचाच तो इंग्रजी उच्चार. लंडन आणि पॅरिस यांना त्रिकोणांच्या साखळीने जोडणारी मोजणी जनरल विल्यम रॉय याने त्या दशकात केली, तेव्हा त्याने आपला मोठा थिओडोलाइट याच मनोऱ्याच्या माथ्यावर चढवला होता. उंचावरून जमीन मोजायच्या कामी हर्णेच्या किल्ल्याचं नाव असं एकदा फार दूर येऊन गेलं आहे. आमच्या त्या सकाळच्या कामाशी त्याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

बंदरात बोटी नांगरलेल्या होत्या, रंगीत निशाणांसकट, सगळ्यांची नाकं वाऱ्याकडे एकाच दिशेला. पुढे मुरूड, कर्दे, लाडघर; काळ्या कातळाची टोकं आणि त्यांच्यामध्ये पुळणींच्या चंद्रकोरी. यांपैकी बहुतेक ठिकाणी काम भराभर झालं, सांगण्यासारखं फारसं नाही. दाभोळला वाशिष्ठीचं रुंद तोंड आलं, तिथे वळलो. ऊन तापलं की घाटमाथ्यावर हवा उसळू लागते, म्हणून कॅप्टनांना वेळेत परत डोंगर ओलांडायचा होता.

काम मात्र अर्धंच झालं होतं. छायाचित्रं मोठी छापून घेतली आणि गाडीने हर्णे गाठलं.

दुपार कलली की हर्णेच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो. मोठ्या बोटी पाण्यात उभ्या, छोट्या होड्या मासळी आणतात, बैलगाड्या थेट पाण्यात शिरून टोपल्या उचलतात. ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी, माकुल यांचे ढीग लागतात, भोवती कोंडाळं, आणि बोली इतकी भरभर चढते की नवख्याला आकडा कळायच्या आत माल उचलला जातो. व्यवहारात बायकांचा शब्द वजनदार. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मात्र हीच वाळू रिकामी असते.

लिलाव ओसरल्यावर एका जुन्या तांडेलांना छायाचित्रं दाखवली. काकांनी चष्मा काढून कपाळावर ठेवला आणि आंजर्ल्याच्या खाडीवर बोट ठेवलं. “ही काळी रेघ म्हणजे पाणी, ताई. इथूनच आत जातो आम्ही. पण लाट फुटते ती इथे,” असं म्हणत त्यांनी रेघेच्या बाहेर, चित्रात साधं निळं पाणी दिसत होतं तिथे, नखाने आडवी खूण केली. “वायव्येचा वारा असला की बोटीचं तोंडच फिरवतो. अर्धी भरती झाल्याशिवाय आत घालायची नाही. आणि वादळ काय भरती बघून येतं?” दीड हजार फुटांवरून माझ्या कॅमेऱ्याला न दिसलेली ती खूण मी नकाशावर तशीच चढवून घेतली.

विमान म्हटलं की हर्णेकरांना आठवतं ते तटरक्षक दलाचं. रत्नागिरीच्या धावपट्टीवर त्या दलाचा तळ आहे, आणि समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की त्यांची डॉर्नियर २२८ जातीची विमानं बोटींवरून कमी उंचीवर फिरतात, व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर परत फिरायला सांगतात. आमच्यापेक्षा मोठं, दोन इंजिनांचं, पण तेही लहान विमानच. ११ नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात या जिल्ह्यातले अनेक मच्छीमार परतले नाहीत. तेव्हापासून ते विमान खाली आलं की जाळी ओढायची आणि फिरायचं, यावर वाद होत नाही, असं भोवती जमलेल्यांनी सांगितलं. त्या विमानात बसून महिनोन्महिने रोज पाण्यावर नजर ठेवणाऱ्यांचं काम मला आता अधिक नीट कळतं. दोन तासांतच माझे खांदे भरून आले होते.

बंदराच्या सुधारणेचं आणि नव्या जेटीचं काम हर्णेला हाती घेतलं आहे. ते व्हायलाच हवं. एवढ्या मोठ्या बंदराने उघड्या वाळूवर किती काळ भागवायचं? पण समुद्रात कुठेही पक्कं बांधकाम उभं राहिलं की वाळू आपली वाट बदलते, आणि बदल झाल्यावर तो मोजायचा तर आधीचं चित्र हाताशी असावं लागतं.

निघताना काकांनी छायाचित्र परत दिलं नाही, मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लावतो म्हणाले. आणि एक सूचना केली: “पावसात नदी जोरात येते, रेती बाहेर ढकलते. गणपती झाल्यावर या, मग बघा रेघ कुठे सरकली ती.” गणपतीनंतर लगेच आभाळ मोकळं होत नाही, म्हणून पंचांगात पुढची आश्विन शुद्ध तृतीया पाहिली आहे. नवरात्राचे दिवस, सकाळी आठ-सव्वाआठला तीच पूर्ण ओहोटी. मार्ग तोच ठेवून परवानगीचा नवा अर्ज दिला आहे. त्यात आंजर्ल्याच्या तोंडाबाहेरचा, काकांनी नखाने दाखवलेला पट्टाही घातला आहे, आणि ओहोटीबरोबर अर्ध्या भरतीचीही वेळ मागितली आहे.